रस्ते वाढले, वाटा तुटल्या

शहर वाढते म्हणजे नेमके काय वाढते? घरे वाढतात, भूखंडांचे भाव वाढतात, वाहने वाढतात आणि नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात सिमेंटच्या रस्त्यांवरील खर्चाचा आकडा वाढतो. हे सारे डोळ्यांना दिसते. म्हणून यालाच प्रगती म्हणण्याचा प्रघात पडला आहे. याच काळात एक गोष्ट मात्र निमूटपणे घटत असते. एका घराच्या दारातून निघून दुसऱ्या घराच्या दारी पोहोचण्याच्या वाटा कमी होत जातात. रस्त्यांची लांबी वाढते आणि त्यांची परस्परांशी असलेली जोडणी तुटते. हा विरोधाभास आता पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाही. २०११च्या जनगणनेत ज्या शहराची लोकसंख्या लाखाच्याही आत होती, त्या भंडाऱ्याच्या वेशीवर तो येऊन उभा आहे. त्याकडे पाहण्याची सवड ना राज्यकर्त्यांना आहे, ना नियोजनकारांना, ना स्वतःला सुजाण म्हणवणाऱ्या मध्यमवर्गाला.

भंडारा वैनगंगेच्या काठी वसले आहे. पूर्वेला नदी आणि पलीकडे कारधा, पश्चिमेला नागपूर, उत्तरेला वरठी-मोहाडीवरून तुमसर, दक्षिणेला पवनी आणि खातमार्गे रामटेक, अशा दिशांना येथून रस्ते फुटतात. जुन्या शहरातील गल्ल्या अरुंद आहेत, वाकड्या आहेत. परंतु एक गल्ली दुसरीत उघडते, दुसरी चौकात येते आणि चौकातून पुन्हा चार वाटा निघतात. नवी वस्ती याच्या अगदी उलट आहे. खात मार्गाच्या दुतर्फा, महामार्गालगत आणि खोकरला, गणेशपूर, भोजापूर, बेला यांसारख्या लगतच्या गावांच्या शिवारांत गेल्या काही दशकांत जी वस्ती पसरली, तिला विदर्भात ‘ले-आउट’ म्हणतात. सरकारी भाषेत ‘अभिन्यास’. या वाढीचा साचा ठरलेला असतो. एका शेताचा एक ले-आउट. मुख्य रस्त्यावरून आत एक फाटा, फाट्याच्या दोन्ही अंगांना भूखंड, आणि शेताची हद्द आली की रस्ता संपला! पलीकडच्या शेतातही असाच दुसरा ले-आउट. त्याचा फाटा मात्र तिकडच्या रस्त्याला. मधल्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या परसांत चार हातांचे अंतर असते. पण इकडची गृहिणी तिकडे हळदीकुंकवाला निघाली, तर तिला आधी मुख्य रस्ता गाठावा लागतो, वाहनांच्या गर्दीतून वळसा घालावा लागतो आणि मग दुसऱ्या फाट्याने आत शिरावे लागते. शेजारधर्म मोडण्यासाठी याहून वेगळे काही करावे लागत नाही.

जोडणीचे साधे गणित

हे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. समजा, एखाद्या वस्तीत पूर्व-पश्चिम चार आणि दक्षिण-उत्तर चार असे घरांचे सोळा चौकोनी गट आहेत आणि प्रत्येक गटाच्या चारही बाजूंनी रस्ता आहे. या वस्तीच्या एका कोपऱ्यातून तिरप्या समोरच्या कोपऱ्यात जाण्यासाठी सारख्याच अंतराच्या ७० वाटा निघतात. एक खोदकामामुळे बंद पडली, दुसरीवर मांडव पडला, तरी माणूस अडत नाही. याउलट, झाडाच्या खोडाला फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या फुटाव्यात अशा पद्धतीने रस्ते आखले, तर कोणत्याही दोन घरांमध्ये वाट उरते ती नेमकी एकच. ती अडली की सारे अडले.

ही एकच वाट ऐनवेळी काय करते, हे वैनगंगेच्या काठावरील माणसाला वेगळे सांगायला नको. २०२०च्या ऑगस्टअखेर आलेल्या महापुरात भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत नदी शिरली. अशा वेळी ज्या वस्तीला उंचावर जाणारी दुसरी वाट असते, तेथील माणसे पायी बाहेर पडतात. जिचा एकुलता फाटा पाण्याखाली जातो, तेथील माणसांना नावेची वाट पाहावी लागते. पूर दर वर्षी येत नाही, परंतु १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रोज धावते, शाळेची घंटा रोज वाजते. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीला आतल्या आत जाणारी निवांत गल्ली मिळत नाही. तिला अवजड ट्रकांच्या शेजारून जावे लागते. मग आई-वडील तिची सायकल सोडवतात आणि दुचाकीवरून पोहोचवू लागतात. प्रत्येक घरातून असे घडले की मुख्य रस्त्यावर कोंडी होते आणि ती फोडण्यासाठी नगरसेवक रस्ता रुंद करण्याचे आश्वासन देतात. रोग वाटा तुटल्याचा आणि उपचार मात्र रुंदीचा!

अमेरिकेची उष्टी पत्रावळ

बंद गल्ल्यांची ही वस्ती-रचना आधुनिक असल्याचा एक समज आहे. जाहिरातींच्या रंगीत पत्रकांवर ‘स्वतंत्र प्रवेशद्वार’, ‘बंदिस्त संकुल’, ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ असे शब्द झळकतात आणि ग्राहक त्यांना भुलतो. ही कल्पना आली कोठून? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९२९ साली रॅडबर्न ही वसाहत उभी राहिली. मोटारींपासून मुलांना वाचवण्यासाठी तेथे घरांपुढच्या गल्ल्या एका टोकाला बंद ठेवल्या होत्या. मात्र पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाटांचे जाळे विणले होते. पुढे १९३६ साली तेथील गृहनिर्माणविषयक सरकारी यंत्रणेने पुस्तिका काढून चौकटीच्या रस्त्यांना ‘वाईट’ आणि बंद गल्ल्यांना ‘चांगले’ ठरवले. ज्या घरांच्या कर्जाला सरकारी हमी हवी, त्यांनी या सल्ल्याप्रमाणे वागणे भाग होते. बंद गल्ल्या राहिल्या आणि रॅडबर्नची पाऊलवाट मात्र गळून पडली. मोटारीशिवाय दुधाची पिशवीही आणता येऊ नये, अशी उपनगरे अमेरिकेत अफाट पसरली.

त्याचा हिशेब आता त्यांच्याच अभ्यासकांनी मांडला आहे. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोघांनी २०१५ साली अमेरिकेतील सुमारे शतकभराच्या रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्याने होणाऱ्या रस्त्यांची तुटकता विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात वाढत गेली, १९९४च्या सुमारास तिने कळस गाठला आणि त्यानंतर ती उतरू लागली, असे त्यांना आढळले. म्हणजे अमेरिकेला उपरती झाली. व्हर्जिनिया राज्याने २००९ साली असा नियम केला की, नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्या रस्त्यांना जोडलेले नसतील तर सरकार त्यांची देखभाल आपल्याकडे घेणार नाही. याच दोघा अभ्यासकांनी २०२० साली साऱ्या जगाचा आढावा घेतला, तेव्हा १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत असल्याचे दिसले. एकदा आखलेला रस्ता पिढ्यानपिढ्या हटत नाही, हा त्यांचा इशारा सर्वांत महत्त्वाचा आहे. घर पाडून पुन्हा बांधता येते. घरांनी वेढलेला चुकीचा रस्ता दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. ज्या ताटावरून अमेरिका उठली, त्या उष्ट्या पत्रावळीवर आपण मोठ्या हौसेने बसत आहोत!

मंगलवीथीचा देश

आणि हे कोणत्या देशात घडत आहे? ज्या भूमीवर मोहेंजोदडोच्या काळात काटकोनात छेदणारे रस्ते होते, त्या देशात! कौटिल्याने अर्थशास्त्रात नगराच्या रचनेसाठी पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिण-उत्तर तीन राजमार्ग सांगितले, बारा दरवाजे सांगितले. एवढ्यावर तो थांबला नाही. माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवणाऱ्याला त्याने १२ पण दंड सांगितला आणि वाट जितकी महत्त्वाची तितका दंड चढता ठेवला. आज कौटिल्य नगररचना विभागात बसला असता, तर दंडाच्या रकमेतून नगरपरिषदेची तिजोरी भरली असती.

मयमत, मानसार यांसारख्या वास्तुग्रंथांत वस्तीच्या कडेने फिरणाऱ्या रस्त्याला ‘मंगलवीथी’ असे सुंदर नाव आहे. या वीथीवरून ग्रामप्रदक्षिणा व्हावी, देवतेची मिरवणूक निघावी आणि ज्या वाटेने गेली त्याच वाटेने माघारी न फिरता ती मूळ ठिकाणी यावी, ही त्यामागची दृष्टी. प्रदक्षिणा म्हणजे पूर्ण झालेले वर्तुळ. ज्या वस्तीच्या रस्त्याला पुढे तोंडच नाही, तिला प्रदक्षिणा घालता येत नाही. तेथे पालखी शिरली तर तिला भिंतीपाशी पाठ फिरवूनच परतावे लागेल. १७२७ साली विद्याधर भट्टाचार्यांच्या आखणीने उभे राहिलेले जयपूर आजही या परंपरेची साक्ष देते. स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांना मात्र नवे शहर उभारायचे झाले तेव्हा परदेशी कार्बूझिएची आठवण झाली आणि चंदीगडचे विभाग मुख्य रस्त्यांकडे पाठ करून बसले.

हे महत्त्व एका परदेशी माणसाला कळले होते, हे विशेष. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि त्याने येथील अनेक शहरांवर अहवाल लिहिले. त्यांत नागपूरही होते. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्याचा विरोध होता. एखादे पडके घर हटवावे, एखादी गल्ली पुढच्या गल्लीला जोडावी, अशा लहान शस्त्रक्रियेने शहर बरे होते, असे तो सांगे. होळकरांच्या इंदुरात त्याने दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग मुद्दाम आधी ठरवला नाही. ज्या गल्ल्या सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त होतील तेथून मिरवणूक जाईल, असे जाहीर केले. नोटिसांनी न झालेले काम उत्सवाने केले. हिंदू समाजाची नाडी त्या परक्याला सापडली होती. आपल्या अधिकाऱ्यांना ती सापडत नाही.

बांधावरची वाट आणि शहरातील भिंत

हे सारे अज्ञानातून घडते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. यात रोकडा हितसंबंध आहे. ज्याने शेत घेऊन ले-आउट पाडला, त्याने आपला रस्ता हद्दीपर्यंत मोकळा नेला तर शेजारच्या शेताला आयताच रस्ता मिळतो आणि त्याचा भाव वाढतो. तो लाभ शेजाऱ्याला का द्यायचा? म्हणून रस्त्याच्या तोंडाशी एक भूखंड पाडायचा, किंवा वीतभर पट्टी आपल्या नावे राखून ठेवायची. एका भूखंडाच्या किमतीसाठी दोन वस्त्यांचा संबंध कायमचा विकला जातो. त्यातून नगरपरिषदेची हद्द एकीकडे आणि ग्रामपंचायतीची दुसरीकडे असली तर विचारायलाच नको. नकाशावरची हद्द ही भिंतीहून उंच ठरते.

कायदा नाही म्हणून हे होते काय? मुळीच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६चा आहे. ले-आउट मंजूर करताना शेजारच्या जमिनीतील रस्त्यांशी मेळ घालण्याची अपेक्षा बांधकाम नियमावलीत आहे. परंतु आधी वस्ती होऊ द्यायची, मग मतांवर डोळा ठेवून ती नियमित करायची, हा आपल्याकडचा शिरस्ता. २००१ साली गुंठेवारी कायदा झाला. तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे नियमित व्हायची होती. २०२१ साली ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे ले-आउटचे आकडे नागरिकांना पाढ्यांसारखे पाठ झाले आहेत. गरीब माणसाने कष्टाच्या पैशाने घेतलेला भूखंड नियमित व्हावा, याबद्दल दुमत नाही. पण नियमितीकरणाचा शिक्का भूखंडाला मालकी देतो. न ठेवलेला रस्ता तो कोठून देणार?

आता दुसरी बाजू पाहावी. शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मिळावी, म्हणून जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. अडवलेली वाट मोकळी करून देण्यासाठी १९०६चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. भंडारा जिल्हा पूर्वीच्या मध्य प्रांताचा, मालगुजारीचा. मालगुजारी गेली, पण त्या काळापासून चालत आलेला ‘वाजिब-उल-अर्ज’ संहितेच्या कलम १६५ने जिवंत ठेवला. गावातील वहिवाटीच्या वाटांची त्यात नोंद होते. म्हणजे बैलबंडीला वाट मिळावी यासाठी तीन-तीन तरतुदी आहेत! त्याच शेताचा ले-आउट झाला, तेथे पन्नास कुटुंबे राहायला आली की त्यांच्या मुलांना शेजारच्या वस्तीतील शाळेत सरळ जाण्याचा हक्क मात्र कोणी मिळवून देत नाही. उलट पिढ्यानपिढ्यांची पांदण भूखंडांखाली गडप होते आणि तिची चौकशी करणारा माणूस विकासाचा शत्रू ठरतो.

सुरक्षिततेचा भ्रम

बंद वस्तीच्या समर्थकांचा एक युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे. रस्ता मोकळा ठेवला की भरधाव वाहने येतात, अनोळखी माणसे फिरतात, चोऱ्या होतात, असे ते म्हणतात. अहमदाबादच्या पोळी आणि जुने वाडेही बंदच होते ना, असेही विचारतात. भीती खोटी नाही. उपाय चुकीचा आहे. पोळ किंवा वाडा हा जोडलेल्या शहराच्या अंगावरचा एक कप्पा होता. सारे शहरच कप्प्यांचे नव्हते. वाहनांचाच त्रास असेल तर रस्त्याच्या तोंडाशी दोन खांब रोवावेत. मोटार अडेल, पायी चालणारा, सायकलवाला, फुलांची टोपली घेऊन देवळात निघालेली आजी अडणार नाही. चोराला तर निर्मनुष्य गल्ली हवी असते. ज्या वाटेवरून दिवसभर माणसे जातात-येतात आणि ज्या वाटेकडे घरांचे ओटे तोंड करून असतात, ती वाट स्वतःच पहारा देते. पवनीला प्राचीन काळी तट आणि खंदक होता, तो शत्रूला रोखण्यासाठी. आजचे तट कोणाला रोखत आहेत? शेजाऱ्याला!

येथेच हा प्रश्न नगररचनेपुरता राहत नाही, समाजाचा होतो. एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान हा समरसतेचा आग्रह आहे. त्यात ‘एक वाट’ गृहीतच आहे. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून सर्वांना चालू द्यावे, यासाठी १९२४-२५ साली केरळात वायकोमचा सत्याग्रह झाला. घटनाकारांनी अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाटांबरोबर रस्त्यांचाही नामोल्लेख केला, कारण वाट अडवणे हे माणूस तोडण्याचे सर्वांत जुने हत्यार आहे, हे त्यांनी जाणले होते. आज ते हत्यार जातीच्या नावाने कोणी उचलत नाही. भूखंडाच्या दराच्या नावाने उचलतो. कर्मचाऱ्यांची वसाहत वेगळी, व्यापाऱ्यांची वेगळी, मजुरांची वस्ती भिंतीपलीकडे. तेथील पोरे एका मैदानावर खेळत नाहीत, एका गणपतीपुढे नाचत नाहीत. संघटित समाजाची भाषा बोलणारा मध्यमवर्गच या भिंतींसाठी वर्गणी देतो, हे कटू आहे, पण खरे आहे. कार्यक्रमात समरसतेचे गीत म्हणायचे आणि घरी येऊन फाटकाला कुलूप घालायचे, ही विसंगती फार काळ झाकून राहणार नाही.

मार्ग आहे, इच्छा हवी

काय करता येईल? उत्तर आपल्याच राज्यात जन्मले आहे. जमिनी एकत्र करून, प्रत्येक मालकाकडून थोडा भाग घेऊन, रस्ते व मोकळ्या जागा आखून उरलेले सुघड भूखंड मालकांनाच परत द्यायचे, ही ‘नगररचना योजना’. १९१५च्या मुंबई नगररचना अधिनियमातून ती आली. गुजरातने ती टिकवली, वाढवली. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने भूज उद्ध्वस्त झाले. अरुंद आणि बंद गल्ल्यांतून माणसांना बाहेर पडता आले नव्हते. पुनर्रचना करताना तटबंदीतील जुन्या शहरात याच योजनेने बंद गल्ल्या जोडल्या गेल्या. महाराष्ट्राच्या कायद्यातही ही तरतूद आहे; लहान शहरांत ती वापरण्याचे धैर्य नाही. भंडारा, तुमसर, पवनीसारख्या शहरांत जमीन अजून पुरती भरलेली नाही, तोवरच हे शक्य आहे. शेते भरली की तोडगा उरणार नाही.

मोठी योजना येईपर्यंत चार गोष्टी आजही करता येतील. नव्या ले-आउटचा किमान एक रस्ता शेजारच्या हद्दीपर्यंत मोकळा गेल्याशिवाय मंजुरी देऊ नये. रस्त्याच्या तोंडाशी राखलेल्या पट्ट्या नगरपरिषदेने व ग्रामपंचायतींनी ताब्यात घ्याव्यात. शिवारातील पांदणी मोजून त्या विकास आराखड्यात सार्वजनिक वाटा म्हणून दाखवाव्यात. आणि जेथे घरे उभी राहिली आहेत, तेथे निदान सहा हातांची पाऊलवाट भिंतीतून काढावी. यांपैकी कशालाही परदेशी सल्लागार लागत नाही.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी येथे तलाव बांधले, तेव्हा वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावाला मिळेल, अशी जोडणी ठिकठिकाणी साधली. पाणी कोठे अडवावे आणि कोठे वाहू द्यावे, हे त्यांना कळत होते. ज्यांच्या पूर्वजांनी पाण्याच्या वाटा जपल्या, त्यांना माणसांच्या वाटा जपता येऊ नयेत?

शासन करील, याची वाट पाहत बसणे हा कार्यकर्त्याचा स्वभाव नव्हे. प्रत्येक वस्तीतील चार जणांनी एका सकाळी आपल्या वस्तीला पायी प्रदक्षिणा घालण्याचा प्रयत्न करावा. जेथे भिंत आडवी येईल, तेथे खूण करावी. ती कोणाच्या नावावर आहे, मंजूर नकाशात तेथे काय दाखवले आहे, हे नगरपरिषदेत किंवा तहसीलमध्ये जाऊन पाहावे. विकास आराखड्यावर हरकती-सूचनांची मुदत जाहीर होईल तेव्हा हा नकाशा हातात घेऊन शंभर सह्यांनिशी उभे राहावे. आणि त्याआधी, जी भिंत आपल्याच सोसायटीने बांधली आहे, तिच्यात एक दार काढण्याचा ठराव येत्या सभेत मांडावा.